आधी डोळे पाहा

मेंदूच्या आजारांवर मराठीत पुस्तक निघाले, की ते बहुधा स्मरणशक्ती, ताणतणाव किंवा पक्षाघात यांच्याभोवती फिरते. हालचालींच्या आजारांना फारसे कुणी विचारत नाही. हात थरथरतो, मान एकीकडे ओढली जाते, पाऊल भलतीकडे पडते, अशी माणसे घराघरांत असतात. पण ‘वय झालं’ किंवा ‘वाताचा प्रकार’ म्हणून विषय संपवला जातो. त्यामुळे डॉ. नोशिर होरमसजी वाडिया यांच्या संशोधनाची आणि अध्यापनाची ओळख करून देणारे हे पुस्तक छपाईआधी वाचायला मिळाले, तेव्हा बरे वाटले.

प्रस्तावनेचे काम माझ्याकडे का आले, असा प्रश्न वाचकाला पडू शकतो. मी न्यूरॉलॉजिस्ट नाही. जिल्ह्याच्या गावी आयुष्यभर प्रॅक्टिस केलेला फिजिशियन आहे. ज्या पेशंटचे कोडे मला सुटत नसे त्याला चिठ्ठी देऊन मुंबईला पाठवायचे, एवढेच माझे या शास्त्राशी नाते. पण हालचालींचे आजार पहिल्यांदा बघतो तो गावचा डॉक्टर, आणि तोच ते सर्वांत जास्त वेळा चुकवतो. हे पुस्तक त्याच्या हाती पडावे अशी प्रकाशकांची इच्छा आहे, म्हणून लिहायचे कबूल केले.

असा पेशंट येतो कसा, ते आधी सांगतो. तिशी-पस्तिशीचा माणूस असतो. बांधावरून चालताना तोल जातो, जिना उतरताना कठडा लागतो. आधी चपलेला दोष देतात, मग चष्म्याला, मग अशक्तपणाला. ताकदीची इंजेक्शने होतात. वर्षभरात जीभ जड होते, शब्द ओढून-ओढून येतात. एव्हाना गावात बोभाटा झालेला असतो, की हा पितो. बायको शपथेवर सांगते, की थेंबाला शिवलेले नाहीत, तरी सासरचेच लोक विश्वास ठेवत नाहीत. कुणी देवऋषी गाठतो, कुणी करणीचा संशय घेतो. अखेर कुणाच्या तरी सांगण्यावरून डॉक्टरकडे येतात. तपासून झाले, औषधाची चिठ्ठी हातात पडली आणि माणूस उठून दारापर्यंत गेला, की म्हातारी आई म्हणते, ‘याच्या बापाचंही शेवटी असंच झालं होतं.’ सगळ्यात मोलाची माहिती दाराशी मिळते, हा माझ्या धंद्यातला जुना अनुभव आहे. वाडियांनी आपल्या कामात ही माहिती दारापाशी राहू दिली नाही. ती त्यांनी पहिल्या पानावर घेतली.

लहान मेंदू बिघडला की तोल जातो, हे शंभरएक वर्षे ठाऊक होते. असे आजार काही घराण्यांत पिढ्यानपिढ्या चालतात हेही ठाऊक होते. युरोपातल्या डॉक्टरांनी त्यांचे प्रकार पाडले होते, नावे दिली होती. आपल्याकडचा पेशंट आला की त्याला त्यांपैकी एखाद्या खान्यात बसवायचे, अशी रीत होती. नीट बसला नाही तर ‘अटिपिकल’ असा शेरा मारायचा. वाडिया आणि त्यांचे सहकारी आर. के. स्वामी यांनी तो शेरा मारला नाही. त्यांच्याकडे आलेल्या काही कुटुंबांतल्या माणसांचे डोळे विलक्षण संथ फिरत होते. चाल बिघडलेली, बोलणे बिघडलेले, हे तर होतेच. पण हे डोळे कुठल्याच पुस्तकातल्या वर्णनात बसत नव्हते. अशी नऊ कुटुंबे तपासून त्यांनी 1971 मध्ये ‘ब्रेन’ या लंडनच्या नियतकालिकात लेख लिहिला: मेरुरज्जू आणि लहान मेंदू यांच्या आनुवंशिक ऱ्हासाचा हा वेगळाच प्रकार आहे, आणि संथ डोळे ही त्याची खूण आहे.

‘डोळे संथ फिरतात’ हे वाचायला सोपे वाटते. पण ते दिसायला किती अवघड आहे, हे सांगितल्याशिवाय या शोधाची किंमत कळणार नाही. मेडिकलच्या विद्यार्थ्याला डोळे तपासायला शिकवतात ते असे: पेशंटसमोर बोट धरा, त्याला म्हणा मान न हलवता बोटाकडे बघ, आणि बोट हळूहळू डावीकडे, उजवीकडे, वर, खाली न्या. या पेशंटचे डोळे बोटामागे व्यवस्थित जातात. निदान सुरुवातीच्या काळात तरी जातात. विद्यार्थी केस पेपरवर ‘नॉर्मल’ लिहून पुढे सरकतो. आता तपासणी थोडी बदलू. एक बोट पेशंटच्या डाव्या हाताला धरायचे, दुसरे उजव्या हाताला. म्हणायचे, याच्याकडे बघ, आता त्याच्याकडे बघ. निरोगी माणसाची नजर एका बोटावरून दुसऱ्यावर झटक्यात उडी घेते. तिचा वेग सेकंदाला तीनशे-चारशे अंशांपर्यंत सहज जातो. मधला प्रवास आपल्याला दिसतही नाही. या पेशंटच्या बाबतीत मात्र तो प्रवास दिसतो. मालगाडीने स्टेशन सोडावे तसे बुबुळ निघते आणि वाटेतला प्रत्येक टप्पा घेत पलीकडे पोचते. काही जण घाईने डोळे मिचकावतात किंवा आधी मानच झटकन वळवतात. डोळा मागे पडतोय हे त्यांच्या शरीराने ओळखलेले असते आणि त्यावर उपायही शोधलेला असतो. हे वाचून आपण एकमेकांचे डोळे बघू लागलो, तर पाहण्यासारखे काय आहे ते चटकन कळते. त्याला फक्त दोन बोटे लागतात.

या संथपणाचे कारण पुढे उलगडले. नजरेची उडी मारायचा हुकूम मेंदूच्या देठातल्या काही थोड्या पेशी देतात. एरवी त्या गप्प असतात. उडी मारायच्या क्षणी सेकंदाला शेकडो विद्युत्-ठोके देतात आणि पुन्हा गप्प होतात. बोटामागे सावकाश फिरणाऱ्या नजरेची वाट निराळी आहे, ती या पेशींवर तेवढी अवलंबून नाही. वाडियांनी ज्याचे वर्णन केले त्या आजारात उडीच्या पेशी गळून जातात, हे नंतरच्या शवपरीक्षणांत दिसले. लहान मेंदूच्या इतर आजारांत डोळे थरथरताना दिसतात. इथे ती थरथरही बहुधा नसते, कारण थरथरीतला वेगवान झटका याच पेशी देतात. लक्षण नसणे हेसुद्धा लक्षण असते, याचा एवढा चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही.

1971 हे साल वाचकाने लक्षात ठेवावे. त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनमधल्या एका रुग्णालयात जगातल्या पहिल्या पेशंटचा मेंदूचा सीटी स्कॅन झाला. म्हणजे वाडिया आणि स्वामी यांचा लेख स्कॅनच्या आधीच्या जगातला आहे. तेव्हा मेंदू बघायचा तर कवटीचा एक्स-रे, पाठीतून काढलेले पाणी किंवा मेंदूत हवा भरून काढलेले चित्र, अशी साधने होती. तरीही त्या लेखातले वर्णन आजवर बदलावे लागलेले नाही. यंत्रे आल्यावर त्यात भर पडली, दुरुस्ती नाही. माझ्या मते हे या पुस्तकातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण आहे, आणि लेखकाने त्याला तेवढी जागा दिली आहे.

पुढची गोष्ट क्यूबात घडते. त्या बेटाच्या पूर्वेला ओल्गीन नावाचा प्रांत आहे. तिथे तोल जाण्याचा एक आनुवंशिक आजार इतका पसरलेला आहे, की जगात कुठेच त्याचे एवढे दाट प्रमाण नाही. तिथल्या कुटुंबांवर काम करून संशोधकांनी 1993 मध्ये त्याचे मूळ बाराव्या गुणसूत्रावर आहे असे दाखवले. 1996 मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी एकाच सुमारास नेमके जनुक शोधले. त्या जनुकात सीएजी ही तीन अक्षरे ओळीने पुन्हापुन्हा येतात. बहुतेक माणसांत ती 22 वेळा येतात. 33 किंवा त्याहून जास्त वेळा आली की आजार होतो, आणि संख्या जितकी मोठी तितका तो कमी वयात सुरू होतो. शिवाय वडिलांकडून मुलाकडे जाताना ही माळ वाढू शकते. आजोबांना पन्नाशीत, वडिलांना पस्तिशीत आणि नातवाला कॉलेजात असतानाच आजार व्हावा, हे घरच्यांना शापासारखे वाटणारे गणित त्या तीन अक्षरांत होते. या आजाराचे नाव पडले एससीए-2, म्हणजे स्पायनोसेरेबेलर अटॅक्सियाचा दुसरा प्रकार.

ओल्गीनच्या कुटुंबांवर काम करणाऱ्यांत लंडनच्या सुझन चेंबरलेन होत्या. त्यांच्याबरोबर वाडियांनी सहा भारतीय कुटुंबांचा जनुकीय अभ्यास केला आणि 1998 मध्ये तो त्याच ‘ब्रेन’मध्ये छापला. 1971चा आजार आणि एससीए-2 हे एकच निघाले. मुंबईच्या वॉर्डात बोटांनी ओळखलेली खूण प्रयोगशाळेत खरी ठरायला सत्तावीस वर्षे गेली. वाडिया तेव्हा सत्तरी ओलांडून गेले होते. त्या लेखाचा भर पुन्हा संथ डोळ्यांवरच आहे: जनुकाची तपासणी महाग, ती कुणाची करायची हे ठरवायला आधी डोळे बघा.

नावाबद्दल थोडी तक्रार करतो. काही ठिकाणी या आजाराला वाडिया-स्वामी सिंड्रोम म्हणतात, पण जगभर चालते ते क्रमांकाचे नाव. पार्किन्सन, विल्सन, हंटिंग्टन या नावांच्या रांगेत दोन भारतीय नावे आली असती, तर आमच्यासारख्यांना अभिमान वाटला असता. पण क्रमांकाने काम सोपे होते हेही मान्य करावे लागते. आता अशा आजारांची यादी चाळिशीच्या पुढे गेली आहे आणि प्रत्येकाला शोधकर्त्याचे नाव दिले असते, तर विद्यार्थ्यांची पाठांतरातच शंभरी भरली असती.

वाडियांचा जन्म 1925चा, सुरतेचा. शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. पुढे लंडनला गेले आणि रसेल ब्रेन यांच्या हाताखाली काम केले. मेंदूचे डॉक्टर, आडनाव ब्रेन, आणि अनेक वर्षे ‘ब्रेन’ याच नियतकालिकाचे संपादक, असा योग त्या गृहस्थांच्या नशिबी होता. त्यांचे मज्जासंस्थेच्या आजारांवरचे पाठ्यपुस्तक आपल्याकडे एम.डी.च्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी झिजवले आहे. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात वाडिया परतले तेव्हा मुंबईत हा विषय नुकता उभा राहत होता. मेडिसिनच्या युनिटमध्येच पक्षाघाताचे, फिट्सचे, मेंदूज्वराचे पेशंट असत. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजीचा स्वतंत्र विभाग त्यांनी उभारला. केईएम रुग्णालयात त्याच पिढीतले ई. पी. भरुचा होते. मुंबईच्या न्यूरॉलॉजीचा पाया घालणाऱ्यांत पारशी समाजाचा वाटा केवढा आहे, यावर कुणीतरी सवडीने लिहायला हवे.

वाडिया जे.जे.त मानद होते. आजच्या वाचकाला ही पद्धत माहीत नसेल. सकाळी सरकारी रुग्णालयात यायचे, वॉर्ड बघायचा, विद्यार्थी शिकवायचे, गुंतागुंतीच्या केसेस सोडवायच्या आणि दुपारनंतर स्वतःच्या खासगी प्रॅक्टिसवर पोट भरायचे. रुग्णालयाकडून मिळायचे ते नाममात्र. या पद्धतीवर टीका खूप झाली आणि ती रास्तही होती. काही मानद मंडळींनी वॉर्डाकडे दुर्लक्ष केले, काहींनी तिथल्या पेशंटांना आपल्या दवाखान्याची वाट दाखवली. पण ज्यांच्या अंगात जिद्द होती त्यांना याच पद्धतीने एक गोष्ट भरपूर दिली: पेशंट. सातारा, खानदेश, कोकण, गुजरात, उत्तर प्रदेश, जिथून कुठून माणसे मुंबईत पोटासाठी येत ती सगळी भायखळ्याच्या त्या आवारात आजारपणात येत. एकाच घरातले चौघे बाकावर शेजारी बसलेले दिसले, तर नजर असणाऱ्या डॉक्टरला प्रश्न पडणारच.

पद्धतीचा तोटाही सांगायला हवा, कारण आपल्याकडे थोरांविषयी लिहिताना तो गाळला जातो. अशा संशोधनाचे कागद, कुटुंबांच्या वंशावळी, तपासणीच्या नोंदी या बहुतेक ठिकाणी एका माणसाच्या कपाटात राहतात. माणूस निवृत्त झाला की कपाट जाते. संस्थेच्या नावाने रुग्णनोंदी जपाव्यात, त्या पुढच्या पिढीला वापरता याव्यात, याची सवय आपल्याला फार उशिरा लागली. लागली आहे असे म्हणायलाही जीभ अडखळते. सत्तावीस वर्षांनी त्याच आजाराकडे परत जाता आले, याचे श्रेय वाडियांच्या चिकाटीला आहे. व्यवस्थेला त्याचे श्रेय देण्यासारखे फारसे काही नाही.

त्यांच्या बाकीच्या कामातही मला डोळेच दिसतात, आणि हा योगायोग गमतीचा आहे. जे.जे.च्याच परिसरात मेंदूविकृतिशास्त्राचे काम करणारे दाराब दस्तूर यांच्याबरोबर त्यांनी विल्सनच्या आजाराचा अभ्यास केला आणि सोळा भारतीय कुटुंबांवरचा लेख 1968 मध्ये प्रसिद्ध झाला. या आजारात शरीरात तांबे साठत जाते, यकृतात आणि मेंदूत. शाळकरी वयाचे चांगले हुशार मूल अचानक अडखळत बोलू लागते, अक्षर बिघडते, हात पंख हलवल्यासारखे फडफडतात. मास्तर म्हणतात आळशी झाला, घरचे म्हणतात वांड झाला. डोळ्यांच्या डॉक्टरने स्लिट लॅम्पखाली पाहिले की बुबुळाच्या कडेला तांबूस-हिरवट कडे दिसते. आई-बापांकडून एकेक दोष आला तरच हा आजार होतो, म्हणून जवळच्या नात्यात लग्ने होणाऱ्या समाजांत तो जास्त. मामाची मुलगी करायची प्रथा असलेल्या महाराष्ट्राला हे ऐकायला हवे. आणि हालचालींच्या आनुवंशिक आजारांत हा असा विरळा आजार आहे की ज्याला औषध आहे, 1956 पासून आहे. वेळेत ओळखला तर मूल शाळेत परत जाते. ओळखला नाही तर जात नाही.

तिसरे काम साथीचे. 1971 मध्ये डोळे येण्याची मोठी साथ भारतभर आली. बांगलादेशच्या युद्धाचे दिवस होते, आणि बंगालमध्ये लोकांनी तिला ‘जय बांगला’ असेच नाव दिले होते. डोळे लाल होतात, आठ दिवसांत बरे होतात, त्यात काय मोठेसे, असे सगळ्यांना वाटले. पण त्यानंतर काही प्रौढ माणसे लुळ्या पायांनी रुग्णालयात येऊ लागली. पोलिओसारखे, पण पोलिओच्या वयाची नव्हेत. आधी डोळे आले होते का, हे वाडिया, इराणी आणि कात्रक यांनी विचारले आणि दोहोंचा संबंध जोडून ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. हा विषय हालचालींच्या आजारांचा नाही, म्हणून इथे लांबवत नाही. पुस्तकात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

हालचालींचे आजार हा न्यूरॉलॉजीचा वेगळा प्रांत म्हणून उभा राहिला तो याच काळात, पण पश्चिमेत. लंडनचे डेव्हिड मार्सडेन आणि न्यूयॉर्कचे स्टॅन्ली फान हे त्याचे प्रमुख. मान वाकडी होणे, लिहायला बसले की हात आखडणे अशा आजारांना तोवर मनाचे चाळे म्हणून हिणवले जाई. ते मेंदूचे आजार आहेत हे मार्सडेन यांनी लावून धरले. या दोघांनी 1986 मध्ये नवे नियतकालिक काढले आणि त्याबरोबर वर्गणीदारांना व्हिडिओ कॅसेट पाठवायला सुरुवात केली. वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासात या गोष्टीला मी फार वरचे स्थान देतो. हालचाल शब्दांत सांगता येत नाही. एकाने ‘झटके’ लिहिले आणि दुसऱ्याने वाचताना ‘थरथर’ समजली, की निदान चुकलेच. कॅसेट लावली की जपानमधला आणि ब्राझीलमधला डॉक्टर एकच पेशंट बघू लागले. मार्सडेन साठाव्या वर्षी, 1998 मध्ये गेले. त्यांच्या हाताखाली जगभरातून आलेले विद्यार्थी तयार झाले. मुंबईत शिकून त्यांच्याकडे गेलेले कैलाश भाटिया पुढे लंडनच्या क्वीन स्क्वेअरला याच विषयाचे प्राध्यापक झाले.

आपल्याकडे तशा कॅसेटची गरज तितकी भासली नाही, कारण वॉर्ड भरलेला होता. तोच व्हिडिओ. पण भरलेला वॉर्ड आपोआप शिकवत नाही, आणि वाडियांच्या अध्यापनाविषयी पुस्तकात जे आले आहे त्याचे मर्म मला इथे दिसते. रेसिडेंटने केस सांगायची, ती निदानापासून सुरू करायची नाही. काय दिसले ते आधी सांगायचे. हे वाचताना सोपे वाटते, प्रत्यक्षात तरुण डॉक्टरला फार जड जाते, कारण त्याला उत्तर सांगायची घाई असते. आज तर रेसिडेंट पेशंटच्या आधी एमआरआयचा रिपोर्ट वाचतो आणि मग रिपोर्टात लिहिलेलेच त्याला पेशंटमध्ये दिसते. एमआरआय ही उत्तम गोष्ट आहे, त्याच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पण एससीए-2च्या पेशंटचा एमआरआय एवढेच सांगतो, की लहान मेंदू आणि देठ आक्रसला आहे. आक्रसणारे आजार पुष्कळ आहेत. त्यातला हा कोणता, ते डोळे सांगतात आणि वंशावळ सांगते.

वाडियांच्या अध्यापनाचे सर्वांत टिकाऊ फळ म्हणजे त्यांनी संपादित केलेला न्यूरॉलॉजीचा ग्रंथ, ‘न्यूरॉलॉजिकल प्रॅक्टिस: ॲन इंडियन पर्स्पेक्टिव्ह’. 2005 मध्ये तो निघाला. भारतीय दृष्टिकोन म्हटले की हल्ली लोकांना भलताच अर्थ वाटतो. इथे अर्थ अगदी साधा आहे. इंग्लंडच्या पाठ्यपुस्तकात मेंदूच्या क्षयाला दोन पाने, कृमीच्या गाठींना अर्धे पान, मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या जन्मजात सरकण्याला चार ओळी. आपल्या ओपीडीत हेच आजार रोज दिसतात. मणक्यांच्या त्या आजारावर तर वाडियांनी 1967 मध्येच 28 रुग्णांचा अभ्यास मांडला होता. परीक्षेला एक वाचायचे आणि वॉर्डात दुसरेच बघायचे, ही भारतीय विद्यार्थ्याची जुनी कसरत या ग्रंथाने काहीशी कमी केली. 2012 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, 2016 मध्ये ते गेले. जसलोक रुग्णालयात त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि म्हातारपणीही त्यांचे पेशंट बघणे थांबले नव्हते.

या आजारांची एक बाजू पुस्तकाने धीटपणे मांडली आहे, तिच्याविषयी लिहितो. एससीए-2 असलेल्या माणसाच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. आज रक्ताच्या एका तपासणीत उत्तर कळते. आता समजा, चोवीस वर्षांची ठणठणीत मुलगी येते. वडील व्हीलचेअरवर आहेत, तिचे लग्न ठरायचे आहे. तपासणी करावी का? आई म्हणते, कळले तर स्थळ मोडेल. काका म्हणतात, लपवले तर उद्या सासरचे फसवले म्हणतील. भाऊ गप्प बसतो, कारण प्रश्न त्याचाही आहे, पण त्याला कुणी विचारत नाही. आपल्याकडे अशा चर्चेत मुलगी सोडून सगळे बोलतात. तपासणी करायची की नाही, हा तिचा निर्णय आहे. ती सज्ञान आहे, आणि न जाणून घेण्याचाही तिला हक्क आहे. लक्षणे नसलेल्या लहान मुलांची अशी तपासणी करू नये, असे या क्षेत्रात जगभर मानले जाते, कारण आज तरी आजार रोखणारे औषध नाही. फिजिओथेरपीने, चालण्या-बोलण्याच्या सरावाने दिवस सुसह्य होतात, पडझड कमी होते. याला कमी लेखू नये. पण ‘काही उपाय नाही’ असे एका वाक्यात सांगून दार दाखवणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. त्या वाक्यानंतर कुटुंब पुन्हा देवऋषीकडे जाते, आणि मग दोष त्यांना देण्यात अर्थ नसतो.

पुस्तकात उणिवा आहेत. परिभाषा कुठे संस्कृत तर कुठे इंग्रजी झाली आहे. ‘अनुमस्तिष्क’ वाचून मी स्वतः थबकलो, ‘लहान मेंदू’ म्हटले असते तर कुणाचे बिघडले नसते. लंडनच्या दिवसांवरचे प्रकरण फार धावते आहे. पण वंशावळींच्या आकृत्या सुंदर काढल्या आहेत. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, काळा रंग म्हणजे आजार. एका पानावर चार पिढ्या उभ्या राहतात आणि काळे चौकोन-वर्तुळे जिन्यासारखी खाली उतरत येतात. ते पान डॉक्टरांनी आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवावे.

आणि वाचकाला एक विनंती. तुमच्या घरात कुणाची चाल बदलली असेल, बोलणे जड झाले असेल, हात थरथरत असतील, तर डॉक्टरकडे जाण्याआधी एक कोरा कागद घ्या. आजी-आजोबांपासून सगळ्यांची नावे लिहा, मोठ्या काकू आणि लांबच्या मामांसकट. कुणाला असे काही झाले होते का, कितव्या वर्षी, हे म्हाताऱ्यांना विचारून घ्या. ती माहिती त्यांच्याबरोबर जाते. जुन्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट किंवा मोबाइलमधली क्लिप असेल आणि तीत ते माणूस चालताना दिसत असेल, तर तीही बरोबर न्या. कागद डॉक्टरच्या हातात खुर्चीवर बसता-बसता द्या, निघताना दारात उभे राहून नको.